‘लेकुरवाळे’ : एका वनस्पतिवाचक विशेषणाचा अर्थ, प्रयोग व अध्यापन



प्राथमिक शाळेत शब्दार्थ सांगण्याची जी रीत रूढ आहे, तीत एका शब्दापुढे दुसरा शब्द लिहिला म्हणजे काम संपले असे मानले जाते. ‘तरू’ म्हणजे झाड, ‘सुमन’ म्हणजे फूल, ‘पर्ण’ म्हणजे पान. परीक्षेपुरते हे चालून जाते. परंतु भाषेत असेही काही शब्द असतात की, ज्यांच्यापुढे दुसरा शब्द लिहून भागत नाही; त्यांच्यापुढे एखादी वस्तूच ठेवावी लागते. ‘लेकुरवाळे’ हा अशा शब्दांपैकी एक होय. शब्दसूचीत त्याचा अर्थ ‘मुलेबाळे असलेले’ असा दिलेला आढळेल. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. कारण हा शब्द माणसाप्रमाणे हळकुंडालाही लावतात, आणि हळकुंडाला मुलेबाळे कशी असतील, या विद्यार्थ्याच्या सरळ प्रश्नाला त्या अर्थाने उत्तर मिळत नाही.

प्रथम शब्दाची घडण पाहावी. ‘लेकरू’ या नामापासून हे विशेषण सिद्ध झाले आहे. ‘लेकरू’ नपुंसकलिंगी आहे. मुलगा की मुलगी हे ते सांगत नाही. वय कोवळे आहे आणि कोणाच्या तरी आश्रयाला आहे, एवढेच सांगते. विशेषण मात्र विकारी असल्यामुळे विशेष्याप्रमाणे बदलते : लेकुरवाळा देव, लेकुरवाळी आई, लेकुरवाळे हळकुंड. जुन्या छापील पुस्तकांत हा शब्द ‘लेंकुरवाळा’ असा अनुस्वारासह दिसतो. अनुच्चारित अनुस्वार वगळण्याचा नियम १९६२ साली मान्य झाला, तेव्हापासून आजचे रूप स्थिर झाले. जुने पुस्तक वाचताना विद्यार्थ्याला हे दोन निराळे शब्द वाटू नयेत, म्हणून ही माहिती शिक्षकाजवळ असावी.

आता हळकुंडाकडे वळावे. हळद ही प्रायः बी पेरून वाढवीत नाहीत. जमिनीतील कंदाचे बेणे लावून वाढवितात. ज्याला व्यवहारात कंद म्हणतात, ते वस्तुतः जमिनीखाली वाढणारे खोड असते. वनस्पतिशास्त्रात त्यास मूलक्षोड अशी संज्ञा आहे. त्याला पेरी असतात, पेऱ्यांवर डोळे असतात, आणि त्या डोळ्यांतून नवे कोंब फुटतात. पीक काढताना जमिनीतून जो गड्डा निघतो, त्याच्या मध्यभागी जाड असा मातृकंद असतो. त्याला शेतकरी ‘जेठा गड्डा’ म्हणतात. त्याच्या बगलेला फुटलेले ते ‘बगल गड्डे’, आणि बोटांसारखी वाढलेली ती ‘हळकुंडे’. ‘जेठा’ म्हणजे वडील, थोरला. म्हणजे शेतकऱ्याने या मुळातल्या पसाऱ्याकडे पाहताना नात्यागोत्याचीच भाषा वापरली आहे.

एखाद्या हळकुंडाला पुन्हा लहान लहान बोटे फुटलेली असतात. हळद शिजविणे, वाळविणे आणि घासून स्वच्छ करणे या क्रियांत ही बोटे तुटण्याचा संभव असतो. जे हळकुंड आपल्या अंगची लहान बोटे न गमावता बाहेर पडते, ते लेकुरवाळे. विवाहप्रसंगी किंवा ओटी भरताना असे हळकुंड निवडून घेण्याचा प्रघात अनेक मराठी घरांत आहे. हे हळकुंड एकदा हातात घेतले, म्हणजे शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. मोठ्याच्या अंगाला लहान बिलगलेले आहे, आणि मोठे त्याच्यासह अखंड आहे, हे डोळ्यांनाच दिसते.

नंदुरबार जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने याहून जवळचे उदाहरण केळीचे आहे. शहादा व तळोदा तालुक्यांतील मुलांना केळीच्या बागा अपरिचित नाहीत. केळीचे जे खोड म्हणून दिसते, ते खरे खोड नव्हे. पानांचे देठ एकावर एक घट्ट गुंडाळून तो खांब तयार झालेला असतो. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. त्या कंदाच्या डोळ्यांतून झाडाच्या बुंध्याशी नवे कोंब वर येतात. महाराष्ट्रात इतरत्र त्यांना ‘मुनवे’ म्हणतात. खानदेशात त्यांना ‘पिले’ म्हणतात. पहिले पीक निघाल्यावर या पिलांवर जी बाग धरली जाते, ती ‘पिलबाग’. अडाणी समजल्या गेलेल्या शेतकऱ्याने केलेली ही शब्दयोजना कोणत्याही कवीने हेवा करावा अशी आहे. हळदीच्या बाबतीत लेकरू आणि केळीच्या बाबतीत पिलू, दृष्टी एकच. बुंध्याशी दोन-तीन पिले घेऊन उभ्या असलेल्या केळीला ‘लेकुरवाळी केळ’ म्हणण्यात म्हणूनच कसलीही ओढाताण नाही. आता अनेक बागांत प्रयोगशाळेत तयार झालेली ऊतिसंवर्धित रोपे लावली जातात. पण शेतात रुजल्यावर तीही पिले देतातच.

येथे व्याकरणाचा एक धडा आपोआप साधतो. ‘केळ’ हे झाड स्त्रीलिंगी, ‘केळे’ हे फळ नपुंसकलिंगी, आणि दोहोंचे अनेकवचन ‘केळी’. तेव्हा लेकुरवाळी ती केळ. लेकुरवाळे ते केळे नव्हे.

असे असले तरी मूल असणारे प्रत्येक झाड लेकुरवाळे होत नाही, आणि विशेषणाची खरी किंमत त्याच्या मर्यादेतच कळते. आंब्याखाली कोयी रुजून रोपे उगवतात. पण ती झाडापासून सुटलेली असतात. त्या आंब्याला लेकुरवाळा म्हणणे योग्य होणार नाही. भाताच्या एका चुडाला अनेक फुटवे येतात. परंतु त्यांत मोठे कोणते आणि लहान कोणते हे वेगळे दिसत नाही. त्या भाताला फुटवेदार म्हणावे. फळांनी भरलेले झाड ‘लगडलेले’, फुलांनी भरलेले ‘डवरलेले’, कोवळ्या पानांचे ‘पालवलेले’, आंब्याचे फुलांवर आलेले झाड ‘मोहरलेले’. या प्रत्येक शब्दाने झाडाची एकेक अवस्था नेमकी टिपली आहे. ‘लेकुरवाळे’ म्हणण्यास तीन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात : मोठे आणि लहान एकाच दृष्टिक्षेपात असणे, लहानाचे लहानपण स्पष्ट असणे, आणि लहान मोठ्याला लागून असणे.

या कसोटीवर काही वनस्पती विद्यार्थ्यांनाच तपासू द्याव्यात. पावसाळ्यात सातपुड्यातील बांबूच्या बेटात उंच काठ्यांच्या मधून जाड, टोकदार कोंब वर येतात. ते बेट त्या दिवसांपुरते लेकुरवाळे म्हणावे काय? कोरफडीच्या भोवती लहान कोरफडी दाटतात. तिला म्हणावे काय? वडाच्या पारंब्या जमिनीत रुजून खोडे बनतात. अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा पुढे गुजरातेत भडोचजवळ ज्या बेटाला वळसा घालते, त्यावरील कबीरवड अशाच पारंब्यांच्या खोडांनी पसरलेला आहे. त्याला लेकुरवाळा म्हणावे, की तेथे लेकरे एवढी मोठी झाली की आई कोणती हेच कळेनासे झाले? याचे एकच बरोबर उत्तर नाही. परंतु या प्रश्नावर वर्गात दहा मिनिटे वाद झाला, तर शब्दार्थ पाठ करून जे साधत नाही ते साधेल.

वाङ्मयात हा शब्द कसा वापरला गेला, हे पाहणे आता सोपे आहे. जनाबाईंच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या एका अभंगात विठ्ठलाला हे विशेषण लावलेले आहे. त्या अभंगात संतमंडळी देवाच्या अंगाखांद्यावर आणि अवतीभवती लेकरांप्रमाणे वावरताना दिसतात. कल्पनेचे सामर्थ्य कशात आहे? एरवी आईला शोभणारे विशेषण येथे पुरुषदेवतेला लाभले आहे. लेकरांत गोरा कुंभार आहे, चोखामेळा आहे; जन्माने एका घरचे नसलेले सर्व येथे एका अंगाला बिलगलेले आहेत. ज्या काळात चोखामेळ्याला देवळाचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्या काळात एका दासीच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या वाणीने त्याला देवाच्या लेकरांत आणून बसविले. हा सगळा विचार एका विशेषणाने पेलला आहे. ‘दयाळू’ किंवा ‘भक्तवत्सल’ या शब्दांनी तो पेलला नसता. कारण त्यांत भाव आहे, पण चित्र नाही.

‘वत्सल’ या शब्दाचीही तुलना करून पाहावी. त्यात ‘वत्स’ म्हणजे वासरू आहे. आश्विन वद्य द्वादशीस, वसुबारसेला, सवत्स धेनूची पूजा होते. ‘सवत्स’ म्हणजे वासरासह. संस्कृतातील ‘सवत्स’ आणि मराठीतील ‘लेकुरवाळी’ हे एकाच जातीचे शब्द आहेत. पैकी पहिला पूजेच्या पोथीत राहिला, आणि दुसरा शेतात, बाजारात, लग्नघरात व अभंगात वावरला. मराठी विद्यार्थ्याला दोन्ही माहीत असावेत. परंतु दुसरा त्याच्या अधिक जवळचा आहे.

निबंधात हा शब्द वापरावयाचा तर तो एकदाच आणि नेमक्या जागी वापरावा, अशी सूचना विद्यार्थ्यांना द्यावी. ‘पाटाच्या कडेची लेकुरवाळी केळ वाऱ्याने पाने फाटली तरी पिलांवर सावली धरून उभी होती,’ या वाक्यात शब्द आपले काम करतो. पुढचे चित्र त्यातूनच निघते. ‘लेकुरवाळ्या आंब्यावर फळे लटकत होती,’ या वाक्यात तो शोभेपुरता आला आहे. तेथे ‘लगडलेला’ हवा. चूक दाखविताना केवळ लाल रेघ न ओढता, झाड कसे दिसत होते असे विद्यार्थ्याला विचारावे. तो स्वतःच योग्य शब्दाकडे येईल.

याबरोबर एक गोष्ट शिक्षकाने मनात बाळगावी. कवी ज्या पिलांकडे कौतुकाने पाहतो, त्यांच्याकडे शेतकरी निराळ्या नजरेने पाहतो. फाजील पिले मूळ झाडाचे अन्न खातात व घड लहान राहतो, म्हणून ती वेळोवेळी कापावी लागतात. घड पक्व होऊन उतरल्यावर मूळ झाड तोडले जाते आणि राखलेल्या एखाद्या पिलावर पुढचे पीक येते. बागेत राबणाऱ्या मजुराचा मुलगा वर्गात उठून हे सांगेल. ‘कवितेत असे नसते,’ म्हणून त्याला खाली बसविणे हा मोठा अन्याय होईल. त्याचे म्हणणे खरे आहे, आणि कवितेतलेही खरे आहे. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या दोन रीती असतात, हे ज्या दिवशी त्या मुलाला आणि वर्गाला कळले, त्या दिवशी वाङ्मयशिक्षणाचा आरंभ झाला असे समजावे.

ही गोष्ट या जिल्ह्यात विशेष महत्त्वाची आहे. येथील शाळांत येणारी पुष्कळशी मुले घरी भिली, पावरी, मावची, देहवाली, कोकणी, गुजरी किंवा अहिराणी बोलतात. पुस्तकातील मराठी त्यांना परकी वाटते, आणि त्यामुळे ती गप्प राहतात. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ अज्ञान असा केला जातो. वस्तुतः वनस्पतींच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलट असण्याचा संभव आहे. धडगावच्या डोंगरातील दहा वर्षांच्या मुलीला कोणत्या झाडाचा पाला गुरे खातात, कोणता कंद उकडून खाता येतो, मोह कधी गळतो, हे ठाऊक असते. मैदानातून बदलून आलेल्या शिक्षकाला ते ठाऊक असेलच असे नाही. शिक्षकाजवळ शब्द आहे व वस्तू नाही. मुलीजवळ वस्तू आहे व पुस्तकातला शब्द नाही. दोघांनी आपापले घेऊन समोरासमोर यावे, यासाठीच शाळा आहे. शहादा तालुक्यातील कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेत आदिवासींचे दुःख इतर लोकच व्यासपीठावरून त्यांना सांगतात, अशी वेदना व्यक्त झाली आहे. मुलांच्या रानाचे ज्ञान मुलांनाच वरून सांगण्याचा प्रकार वर्गात घडू नये.

यास्तव या शब्दाचा पाठ पुढील क्रमाने घ्यावा. प्रथम वस्तू : हळकुंड, आले, केळीचा बुंधा, कोरफड, यांपैकी गावात मिळेल ते. बाजारातून विकत आणण्याची आवश्यकता नाही. आल्याच्या फुटव्याचा एक तुकडाही पुरेल. दुसरे, निरीक्षण : मोठे कोणते, लहान किती, लहान कोठे जोडलेले आहे, हे मुलांनी पाहून काढावे व त्याचे चित्र पाटीवर रेखाटावे. तिसरे, घरचा शब्द : असे झाड किंवा असा कंद घरी कोणत्या शब्दाने ओळखतात, हे प्रत्येकास विचारावे, आणि जो शब्द येईल तो जसा उच्चारला तसा देवनागरीत फळ्यावर लिहावा. तो दुरुस्त करू नये. चौथे, पुस्तकातला शब्द : आता ‘लेकुरवाळे’ हा शब्द त्या शब्दांच्या शेजारी लिहावा, त्यांच्यावर नव्हे. पाचवे, वाक्य : प्रत्येकाने आपण पाहिलेल्या वस्तूविषयी एक वाक्य करावे. ज्याला ते पूर्ण मराठीत साधणार नाही, त्याने आपल्या बोलीत करावे व त्यात हा एक शब्द योजावा. शिक्षणाची सुरुवात घरच्या भाषेतून व्हावी हे तत्त्व २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मांडलेले आहे. धोरण फळ्यावर उतरते ते असल्या लहान कृतींतूनच.

बोलीतील निरीक्षण वाङ्मयाच्या दर्जाला पोहोचू शकते काय, अशी शंका कोणास आल्यास त्याने जळगावजवळील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे स्मरण करावे. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांचे निधन १९५१ साली झाले आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्या गाण्यांतील शेत, पेरणी, मळणी व झाडे ही कोणत्याही पुस्तकातून आलेली नव्हेत. खानदेशच्या मातीत पाहिलेले त्यांनी खानदेशच्या बोलीत सांगितले, आणि साऱ्या महाराष्ट्राने ते आपले मानले.

आता या शब्दाच्या एका नाजूक बाजूचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. बाईला ‘लेकुरवाळी’ म्हणणे हा आपल्या समाजात गौरव मानला गेला. पण त्याच गौरवाच्या मापाने जिला मूल नाही तिला ओटी भरण्याच्या पंगतीतून बाजूला बसविण्यात आले. शब्दाचा दोष नाही, वापरणाऱ्यांचा आहे. वर्गात हा शब्द शिकविताना ‘तुमच्यापैकी कोणाची आई लेकुरवाळी आहे’ असले प्रश्न विचारू नयेत. या जिल्ह्यातील अनेक आईबाप कामासाठी गुजरातेत किंवा ऊसतोडीला जातात. मुले आजीजवळ किंवा आश्रमशाळेत राहतात. कोणाची आई हयात नसते. अशा मुलापुढे हळकुंड ठेवले असता त्याच्या मनात काय येईल, याची जाणीव शिक्षकाने ठेवावी. पाठ झाडापासून सुरू करावा आणि मूल आपण होऊन माणसापर्यंत आले तरच तेथे जावे.

अशा वेळी विठ्ठलाचे उदाहरण उपयोगी पडते. त्या अभंगातील लेकरे पोटची नाहीत; आश्रयाला आलेली आहेत. म्हणजे लेकुरवाळे होण्यास रक्ताचे नाते लागतेच असे नाही, हे मराठी भाषेने पूर्वीच मान्य केले आहे. खानदेशातच अमळनेर येथे साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक म्हणून काम केले व तेथील छात्रालयातील मुलांचा सांभाळ केला. ते अविवाहित होते. त्यांना लेकुरवाळे म्हटले, तर भाषेचा नियम मोडत नाही. आजीजवळ राहणाऱ्या मुलाची आजी लेकुरवाळी आहे. सुटीनंतर परत न आलेल्या मुलाच्या पाड्यावर चौकशीला जाणारा शिक्षकही त्या वेळेपुरता लेकुरवाळाच आहे.

शेवटी एक सूचना. प्रत्येक शाळेने ‘झाडांचे शब्द’ या नावाची एक वही ठेवावी. एका रकान्यात मुलाने आणलेला बोलीतील शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला शब्द, तिसऱ्यात वस्तूचे चित्र आणि चौथ्यात शब्द आणणाऱ्या मुलाचे नाव लिहावे. पालवलेले, मोहरलेले, लगडलेले, फुटवेदार, लेकुरवाळे, एवढ्या पाच शब्दांनी आरंभ करावा. वर्षअखेर केंद्रसंमेलनात या वह्या एकत्र वाचाव्यात. एकाच कोंबाला नवापुरात काय म्हणतात आणि तोरणमाळच्या पठारावर काय म्हणतात, हे तेव्हा प्रथमच कागदावर येईल. आणि ज्या मुलाचे नाव त्या शब्दापुढे असेल, ते मूल पुढच्या वर्षी वर्गात गप्प बसणार नाही.